अंकिताच्या डब्यातल्या चपात्या

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय पोपटराव आप्पा, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापक आणि गुरुजन मंडळी, ज्यांच्या बदलीमुळं आपण जमलो त्या सत्कारमूर्ती करुणाबाई, आणि सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या बाळांनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी रंभा, पाचवीतल्या अंकिताची आई. पालकांच्या वतीनं मला उभं केलंय. बाईंविषयी चांगलं बोला, असं मुख्याध्यापकांनी बजावलंय. बोलते. पण आधी खरं सांगते, मला या बाईंचा लई हेवा वाटतो. हसू नका आप्पा, खरंच वाटतो.

गेल्या वर्षी अंकिता म्हणायला लागली, "आई, डब्यात चपात्या जास्त घाल, शेंगदाण्याची चटणी पण. मैत्रिणींना आवडती." मला कोण आनंद! आमचं बालपण मेंढरांमागं गेलं, शाळेतल्या मैत्रिणी कशा असतात ते मला कुठं ठाऊक? हापशीवर मी बायांना सांगत सुटले, माझ्या हाताची चव सगळ्या वर्गाला लागलीय म्हणून. अंकिता घरी आली की टोपलं पुसून खायची. मला वाटायचं, खेळून भूक लागत असंल.

कसलं काय! मोठ्या पोरी मधल्या सुट्टीत तिचा डबा काढून घ्यायच्या. दिला न्हाई तर "मेंढरं राखायला जा" म्हणून खेळातनं हाकलायच्या. लेक पाणी पिऊन वर्गात बसायची.

हे हुडकलं बाईंनी. छडी उचलली न्हाई. वर्ग गोल बसवला आन् विचारलं, "डबा मागितल्यावर तुम्हाला नाही म्हणता येतं का? येत असेल तर ती दोस्ती. नाही म्हणायची भीती वाटत असेल तर ती दांडगाई. आणि ती ज्याला दिसेल त्यानं गप्प राहायचं नाही. त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसायचं, मोठ्यांना सांगायचं." दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातली ही मोनिका अंकिताच्या शेजारी जाऊन बसली. मग बन्सी बसला. मग अंकितानं बाईंना सगळं सांगून टाकलं.

आन् मला कधी कळलं? पालकसभेत, चारचौघांत! बायांनो, तुमच्या अंगाचा तिळपापड झाला नसता? वेण्या मी घालायच्या, आजारपणात उशाशी मी बसायचं, आन् मनातलं सांगायचं बाईंना? तवापासून घरात नुसतं बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. जीव जळायचा. बदलीची ऑर्डर आली तवा मी मनातून खूश झाले. राग मानू नका बाई, पण झाले.

परवा अंकिता घरी आली, दप्तर टाकलं आन् चुलीपाशी तोंड फिरवून बसली. एरवी मी ओरडले असते, काय झालं, कुणी मारलं? पण त्या दिवशी काही न विचारता शेजारी जाऊन बसले. तव्यावरची चपाती करपली, करपू दिली. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या मांडीत डोकं खुपसलं. "आई, बाई शिरूरला चालल्या."

बघा! पोर पहिल्यांदा माझ्यापाशी रडली, ती पण बाईंसाठी. आन् शेजारी कसं बसायचं, ते पण बाईंनीच शिकवलेलं. आता माणसानं हेवा तरी कुठवर करावा?

बाई, शिरूरच्या पोरी तुमच्यापाशी मन मोकळं करतील, करू द्या. माझी तेवढी आता माझ्याकडं ऱ्हाऊ द्या.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. स्टेजवर असलं बोलत नसतात म्हणे. कुठं जीभ घसरली असंल तर पोटात घाला.

आन् बाई, हा डबा. यस्टीत खावा. अंकितानं सकाळी स्वतः भरलाय. मी तिला विचारलं, "बाईंना न्हाई म्हणता येतं ना गं?"

ती म्हणाली, "येतं की. पण मला द्यायचाय."