आत ओढलेला होकार

—वरून नको मारूस पाणी, एब्बे. खालून सुरू कर, हळूहळू वर जा. वरून मारलं की सगळं एकदम ओलं होतं, कुठून गळतंय ते कळतच नाही. मी गाडीत बसलोय, माझ्याकडे नको बघूस, काचेकडे बघ. —हं. थेंब नाही. बंद कर नळी. बघ, माझ्या बाजूची खिडकी कोरडी ठणठणीत. तू आलास शिडी मागायला आणि जुंपला गेलास कामाला, आता काय करणार, शेजार म्हटला की आलंच. शिडी आहे तिथे भिंतीला, पळून नाही जात. आता ही दुसऱ्या बाजूची राहिली—मायलिसची. बायको माझी कायम तिथेच बसायची. लायसन्स होतं तिच्याकडे, पण गाडी चालवायची मी आणि चुका काढायच्या तिनं, अशी आमची वाटणी.

हे दाराचं जुनं रबर बघ, हात लावून बघ—दगड झालाय. इतक्या हिवाळ्यांनी आखडून गेलंय, कोपऱ्यात बोटभर फट. तिथून पाणी यायचं, वारा यायचा. पानं गळायला लागली तेव्हापासून मागे लागली होती—स्टुरे, माझ्या खांद्यावर थेंब पडतात. मी म्हणायचो, उन्हाळ्यात बघू, थंडीत रबर ऐकत नाही. खोटं नव्हतं ते, खरंच नाही ऐकत. मग ती खांद्यावर टॉवेल टाकून बसायची, न्हाव्याकडे बसल्यासारखी. नवं रबर आता कुठे मिळतच नाही, हे भंगारातल्या एका गाडीचं काढून आणलंय. बादलीत कोमट पाण्यात ठेवलंय, दे ते. ओढू नकोस! —रबर कधी ओढून बसवायचं नाही. ओढलं की पुरल्यासारखं वाटतं, मग थंडी पडली की परत आखडतं आणि कोपरा उघडा पडतो. ढकलायचं. कोपऱ्यापासून, अंगठ्यानं, थोडं थोडं. साबणाचं पाणी सरकव इकडे.

आवाज? हो, आवाज यायचा ना. समोरून लाकडांचा ट्रक गेला की गाडीला हिसका बसायचा आणि या कोपऱ्यातून—श्शुप्. असा, आत ओढल्यासारखा. हसतोस काय, तुला चांगला माहीत आहे तो आवाज. नवीन आलास तेव्हा दुकानात ब्रेड आहे का विचारलंस, दुकानवाल्या गुनवोरनं नुसता श्वास आत ओढला, आणि तुला वाटलं बाईला दम लागला—खुर्ची आणायला धावलास. अख्ख्या गावाला ठाऊक आहे ते. तुम्ही दक्षिणेतले स्कोनेवाले तोंडात लापशी धरून बोलता, पण बोलता तरी. इथे ‘हो’ म्हणायला तोंड कशाला उघडायचं? थंडी आत जाते. श्वास ओढला, झालं. मायलिसचा तर सगळा संसार त्यावर चालला. लग्नात पाद्रीनं विचारलं, हा नवरा पसंत आहे का—श्शुप्. पाद्री तुझ्यासारखाच दक्षिणेकडचा, त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा श्वास ओढला. लोक हसायला लागले तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या दिवशी? त्या दिवशी काय, फेब्रुवारी होता, तिच्या बहिणीकडे गेलो होतो. कॉफी झाली. आमच्याकडे कॉफीत चीजचे तुकडे घालून खातात, ते तिनं तसेच ठेवले, ते तेव्हाच माझ्या लक्षात—असो. परतताना म्हणाली, छातीवर जड वाटतंय. मग डोळे मिटून बसली. तो फाटा आहे ना, एक रस्ता दवाखान्याकडे, एक घराकडे—तिथे मी विचारलं. स्पष्ट विचारलं, पुटपुटलो नाही. घरीच जायचं ना, पडशील जरा? आणि हो आलं—श्शुप्. तिच्या बाजूनं आलं. मी घराकडे वळलो. पुढे विचारलं, हीटर वाढवू का—हो. तुझ्या बहिणीनं पडदे बदलले, बरे आहेत ना—हो. मी आपला बोलतोय. अंगणात आलो, इंजिन बंद केलं, म्हटलं, हात देऊ का, तर काहीच नाही.

डॉक्टरीण म्हणाली, जाऊन बराच वेळ झालाय. मी म्हटलं, फाट्याच्या आधी की नंतर? तिला कुठला फाटा ते काय माहीत. म्हणाली, इतकं नेमकं नाही सांगता येत.

मग फाट्यावर हो कोण म्हणालं? ती म्हणाली, की हे रबर म्हणालं? समोरून ट्रक होता का? नाही आठवत. पडद्यांचा रंग आठवतो मला, पिवळे होते, ट्रक आठवत नाही. उल्रिकाला—आमच्या मुलीला—सांगितलंय, आई झोपेत गेली. बाकी काही सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो, तू नळी धरून उभा राहिलास म्हणून—ते फडकं दे. रडू? नाही आलं. अजूनही नाही. बर्फात पाय फार वेळ राहिला की दुखायचा थांबतो बघ, तसं झालंय. वाईट वाटत असणारच मला, बायको गेलीय, पण ते अजून माझ्यापर्यंत पोचलेलं नाही.

आजच का काढलं हे काम? उल्रिका शनिवारी गाडी न्यायला येतेय, ओली गाडी कशी देऊ तिला? —हे एक झालं. दुसरं म्हणजे, फेब्रुवारीपासून रोज चालवतोय मी ही. काम काही नसतं, नुसता जातो आणि येतो. बोलतो. विचारतो, आज मासे करू का? ट्रक आला की हो येतं. उल्रिकाकडे राहायला जाऊ का? हो. घर विकू का? हो. नको विकू का? त्यालाही हो. परवा लक्षात आलं, इतक्या दिवसांत एकदाही ‘नाही’ असं आलेलं नाही. आणि मायलिस तर निम्म्या वेळा ‘नाही’ म्हणायची, आणि ते मात्र तोंड उघडून, चांगलं शेजारी ऐकू जाईल असं. म्हटलं, पुरे झालं. बसवून टाकू रबर.

हा शेवटचा कोपरा. अंगठा ठेव इथे—नको, राहू दे, मीच दाबतो. बसलं. लाव दार. कसं घट्ट लागलं बघ. नळी? नळी ठेव गुंडाळून, पाण्यानं काय कळणार. मोठ्या रस्त्यावर नेऊन बघतो, या वेळेला लाकडांचे ट्रक असतात. —नाही, तू नको. तिथे नको बसूस, एब्बे. उतर. शिडी घे आणि जा आता. मी फाट्यापर्यंत जाईन, ट्रक येईपर्यंत थांबेन, तेच पुन्हा विचारीन आणि परत येईन. काम नीट झालं असेल, तर कोणी काही बोलणार नाही.