दाबून न पाहिलेली स्प्रिंग

(मामांचा स्प्रिंगांचा कारखाना, काचेची छोटी केबिन. भाची लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत खरेदी बघते.)

मामा : ते राहू दे. लिफ्टमध्ये सापडलेली ती बाई कशी आहे, ते आधी सांग.

भाची : गेली, मामा. पहाटे.

मामा : अरेरे.

भाची : बाहेर पाऊल टाकत होती आणि लिफ्ट खाली घसरली. ब्रेकनं धरलंच नाही. उघडून बघितलं तर स्प्रिंगचे दोन तुकडे.

मामा : कुणाची स्प्रिंग?

भाची : तुमची. तुमचा निळा ठिपका आहे तिच्यावर.

मामा : मग तुमच्या तपासणीतून सुटली कशी? तो चष्मेवाला झोपला होता काय? एकेक नग नाकाशी धरून बघतो की मेला!

भाची : त्याला दुसरीकडे हलवलं. तुमचा माल आता तपासतच नाहीत. गाडीतून उतरतो तो थेट जोडणीला जातो.

मामा : हे कुणाचं डोकं?

भाची : माझं. मामा प्रत्येक स्प्रिंग प्रेसखाली दाबून बघतात, मग तेच काम आपण पुन्हा कशाला करायचं, असं मीच मांडलं. वेळ वाचला म्हणून टाळ्याही वाजल्या. मामा... बघता ना दाबून?

मामा : बघायचो.

भाची : म्हणजे?

मामा : महिन्याचा माल एकदम नको, रोज लागेल तेवढा रोज द्या, असं तूच म्हणालीस ना? प्रेसवर फार वेळ जायचा. म्हटलं, तिकडे तपासतातच. दोनदा कशाला?

भाची : मला सांगायचं तरी!

मामा : तू सांगितलंस?

भाची : तुम्हाला विचारायचं म्हणजे संशय घेतल्यासारखं वाटलं.

मामा : आणि मला वाटलं, पोरीची नवी नोकरी, आपली कटकट नको. काय गुणी माणसं आपण दोघं!

भाची : पण ती मोडली का?

मामा : मध्ये भट्टी नीट तापत नव्हती. कच्ची राहिली असणार. प्रेसखाली घातली असती तर इथंच मोडली असती.

भाची : म्हणजे त्या वेळचा सगळाच माल तसा?

मामा : सगळा नसेल. पण कुठली चांगली, कुठली कच्ची, हे नुसतं बघून नाही कळायचं.

भाची : त्यातल्या काही इस्पितळाच्या लिफ्टमध्ये बसल्यात. साहेब म्हणाले, चौकशी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मामा : आणि तिथल्या लिफ्ट?

भाची : चालू आहेत. इस्पितळाचा नंबर आहे माझ्याकडे. माझी नोकरी गेली तर गेली. पण फोन केला की हा कारखाना संपला. म्हणून आधी तुमच्याकडे आले.

मामा : आधी माझ्याकडे? अगं, तू इथं पोचेपर्यंत किती माणसं चढली-उतरली असतील!

भाची : मामा, बाहेर एवढी माणसं कामाला आहेत. त्यांना काय सांगणार?

मामा : ते मी बघतो. तू नंबर काढ. थांब, आधी मशिनं बंद करायला सांगतो. पलीकडच्याला नीट ऐकू गेलं पाहिजे.