बोटभर नवं खूर

सकाळीच घोडीच्या कोंड्यावरून आजोबा-नातीचं भांडण झालं होतं. दीपमाला कुंडलच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा तिचे आबा रांगेत पाठमोरे उभे राहून एका अनोळखी माणसाशी बोलत होते. ती खांबाआड थांबली.

"मामा, घोडीला रोज किलोभर कोंडा नि गूळ चारा."

"नातीनं बंद केलाय. जादा कोंड्यानं हाडं ठिसूळ होत्यात म्हणती."

"तिला काय कळतंय घोड्यातलं?"

"आमची घोडी वाळल्या गवतावर हाय. तिनं त्या गवताची तपासणी करून आणली. तांबं कमी, जस्त कमी. खुराला तेच लागतंय, म्हणून तेवढंच मोजून चारती."

"मग माझ्यासारखा हा खुराच्या पावडरीचा डबा घ्या. चित्रातला घोडा बघा कसा उडतोय!"

"चित्र न्हाई, मागची बाजू वाचायची गड्या. ह्यात तांबं किती हाय? लिवलंच न्हाई."

"तुमी लय शिकलाय की!"

"मी चौथी नापास. नात एमेस्सी हाय."

"आन् गुण आला का?"

"गेल्या यात्रेत खूर फाटलं, औंधच्या छबिन्यातनं घोडी माघारी आणावी लागली. आता वरनं बोटभर नवं खूर आलंय, काचंवानी गुळगुळीत. औंदा यमाईच्या पालखीम्होरं चालणार ती!"

"मग नातीला शाबासकी दिली का न्हाई?"

"छ्या! तिच्याम्होरं मी कोंड्यासाठी भांडतो. भांडल्याबिगर ती एवढं सगळं समजावून कुठं सांगती?"

दीपमाला हळूच फाटकापर्यंत मागे गेली आणि तिथून मोठ्यानं ओरडली,

"आबा, कोंडा मिळायचा न्हाई हं!"

"बघा, आली!" आबा म्हणाले, आणि त्यांनी फेटा नीट केला.