सेकारची जोकी

योग्याकार्ताच्या बसथांब्यावर माझ्यापुढे कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. गेलेल्या मैत्रिणीच्या घरी भेटायला निघाल्या होत्या.

"तियास, सेकारच्या आईसमोर रडू नकोस हं."

"त्या मला फोनवर म्हणाल्या, कॉलेजच्या ॲपवर पोरगी रोज पळताना दिसायची, मग जीव का दिला?"

"खरंच की. मन ताजं राहावं म्हणून तर कॉलेजने ॲपवर मोजला जाणारा तो पळण्याचा व्यायाम ठेवलाय."

"अगं, ती कुठली पळतेय! तिची जोकी मी होते."

"म्हणजे परीक्षेला आपल्या जागी दुसऱ्याला बसवतात, तसं?"

"हो. तिचा फोन खिशात घालून मीच पळायचे. तिला अंथरुणातून उठवतच नव्हतं."

"आणि कॉलेजच्या त्या समुपदेशक बाई? त्यांना कळलं नाही?"

"जे पळत नाहीत त्यांनाच त्या बोलावतात. सेकारला तर ॲपवरच्या पहिल्या नंबराची शाबासकी पाठवली."

"हे आईला सांगणार आहेस?"

"त्यांना एवढंच जाणून घ्यायचंय, की सेकार गेली त्या सकाळी त्यांनी इतके फोन केले, तर तिने एकही उचलला का नाही."

"का नाही उचलला?"

"माझ्या खिशात वाजत होता गं. थांबले असते तर तिचा पहिला नंबर गेला असता."