पंखा कुणी बंद केला?

स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर सून आणि सासरे थांबले होते. छोटी नात आत होती.

"बाबा, टीचरनी बजावलंय ना? तिनं तिचा तो नेहमीचा प्रश्न परत विचारला की उत्तर न देता खेळाकडे वळवायचं."

"वळवतो की मी."

"मग काल तुमच्या खोलीतून 'पंखा कुणी बंद केला' ऐकू आलं ते?"

"ते मी विचारलं."

"तुम्ही?"

"आठवडाभर तिनं विचारलंच नाही. माझ्याशी दुसरं काही बोलत नाही गं ती."

"कमाल करता. एवढ्या मेहनतीवर पाणी. मग काय म्हणाली?"

"म्हणाली, 'आजोबांनी.'"

"बंद तुम्हीच केला होता?"

"हो."

"म्हणजे पहिल्यांदाच चक्क उत्तर दिलं तिनं?"

"तसंच वाटलं."

"मग आता टीचरना काय सांगायचं?"

"तेच तर कळेना. तू मला रागावत होतीस ना?"