फुगा बसला का बघ

हॅलो? … हॅलो, रूपाली? … अगं मी, आजी! दिवेलागणीला तुला दुसरं कोण फोन करतंय? … आवाज असा का? रडलीस व्हय?

काय? घरी येते? पुणं सोडून? … अगं, अख्ख्या औरंगपुऱ्यात सांगून बसले मी, नात औषधं शोधती म्हणून. भाजीवालीलाबी ठाऊक हाय. आता तिच्याकडून मेथी कोणत्या तोंडानं घेऊ? … हो, हो… अगं ऐक ना…

बरं, तू सांग. नीट सांग, मी चौथीतून उठलेली बाई हाय. … दोन कार्बन जोडायचे. व्हय. … एकाला बोरॉन चिकटलेला, तो त्याला जागेवर आणून सोडतो अन् आपण बाजूला होतो… म्हंजे करवली! मग तसं म्हण की. … अन् पॅलेडियम? … जोडून देतं अन् पुढच्या जोडीकडं जातं? भटजी गं तो! … हसलीस ना?

मग बिघडलं कुठं? … काय? नवरीला नवरीच चिकटली? अन् नवरदेव तसाच मांडवात उभा? अगं बाई! असलं लग्न मी आमच्या गावाकडं, पाचोडलाबी बघितलं नाय.

हवा शिरली म्हणून? … बाटलीच्या तोंडावर नायट्रोजनचा फुगा लावायचा, तो बसला की हवा आत… मग बदलायचा की गं फुगा! डोळे कुठं व्हते तुझे? … जिन्यात? रोज जिन्यात काय करतीस? … लॅबमधी फोन चालत नाय. हां… रोज याच वेळेला…

…माझ्यासाठी?

अन् हे आत्ता सांगतीस? मी आपली शेजारच्या रईसाभाबीच्या जावयाचं तासभर सांगत बसते… नाय, नाय, तुझं नाय चुकलं. माझंबी नाय, आधीच सांगून ठेवते.

सर काय म्हणाले? … आजची खेप शेवटची, नायतर काम तुझ्या जोडीच्या त्या अतुलला? … आज म्हंजे कधी? … लावलीय? आत्ता? … अन् फुगा? … ‘मघाशी बरा होता’? भवाने, पळ!

चहा झाला, गोळी घेतली, गुडघा बरा हाय. झालं? … नाय, उद्या नाय करणार फोन. परवाबी नाय. जुळलं की तू कर. … करमतंय मला. लई करमतंय. … अगं, अजून बोलतीस?

आजवर तुझा फोन कधी आधी ठेवला नाय मी. हा बघ, ठेवला.