मोटेच्या नाड्यावर उचललेलं इंजिन

माझा जनम देऊळघाटचा, महारवाड्यातला, अन् हे मी पयलेच सांगून देतो, कारन लोक अर्धी गोष्ट आयकतात अन् मंग हळूच इचारतात, मिस्तरी, तुमची जात कोनती. तर पोरं हो, तुमच्या कागदात छापाचं असन तर हे आंधी लिहून घ्या अन् मंग बाकीचं लिहा. माझा बाप गावकीचं काम करे. मेलेलं ढोर ओढून न्यायचं, सोलायचं, चामडं द्यायचं, अन् त्याच्या बदल्यात दारोदार भाकर मागायची, ते बी दूर उभं राहून. मले ते पटलं नाही. मिसरूड फुटायच्या आंधीच मी पयालो अन् नांदुऱ्याले कापसाच्या जिनात लागलो. तेथं इंजिन होतं, भितीएवढं त्याचं चाक, अन् तेथच्या बुढ्या मिस्तऱ्यानं माझ्या हातात तेलाची बुधली देल्ली, म्हने जेथं घासते तेथं घाल. काय सांगू तुमाले, माझा हात लागला अन् इंजिन चालतच राह्यलं, येवढ्या एका गोष्टीचं मले किती दिवस नवल वाटे. गावात माझा हात लागला का घागर फुटे. तेथं कायबी फुटलं नाही. तेथंच मी शिकलो, तेल घालता घालता वाल काढाले शिकलो, पिस्टन बसवाले शिकलो, अन् लगन झालं तवा भागीले घेऊन गावात परत आलो, कारन माय एकटी होती.

आता मायचं सांगतो, कारन हे सारं तिच्यापायीच झालं. मायच्या दोन्ही डोयावर पडदा आला. बुलढान्याच्या डाक्तरानं पाह्यलं अन् म्हने, हिले अकोल्याले न्या, कापलं तर दिसन, अन् उशीर केला तर दोन्ही जातीन. अकोल्याले जायचं म्हनजे नांदुऱ्यापावतर मोटर, पुढं आगगाडी. आगगाडीचं काही नाही, तिकीट दाखोलं का बस, बाजूले कोन बसला ते कोनी इचारत नाही. पन मोटर होती बापूसाहेबाची. बापूसाहेब म्हनजे आमच्या गावचे मोठे जमीनदार, ह्या रस्त्यावर त्याहिच्या दोन मोटरी चालत, दुसऱ्या कोनाची नाही. अन् त्या मोटरीचा कायदा असा, का आमच्या लोकाइले तिकीट सारखंच, पन जागा टपावर. खाली बाक मोकये पडले तरी टपावर. बोचकी, कोंबड्याइचे खुराडे, तेलाचे डबे, अन् आमी.

म्या माय टपावर चढोली. तिले शिडीची पायरी दिसे ना, मी खालून एकेक पाय उचलून ठेवू राह्यलो अन् खाली बसलेले लोक हासू राह्यले. राजूरच्या घाटात वळनावर मोटर अशी कलली, का माय दोरीले धरून लोंबकली. एक फांदी येऊन तिच्या तोंडावर बसली. मंग तिनं काय केलं, टपावर असा तळहात आपटला, धाड धाड, का डायवरनं मोटर थांबोली, त्याले वाटलं कोनी पडलं. माय खाली उतरली अन् त्याच्याजवय जाऊन म्हने, भाऊ, मले कमी दिसते, पन मी बोचकं नाही. अन् लागली उलटी चालाले, घाट चढून, घराकडे. मी मांगं मांगं. घरी येऊन बसली अन् म्हने, किसन, आता जाईन त बाकावर बसून जाईन, नाईतर आंधळी होईन.

तुमी म्हनसान बैलगाडी नोयती काय. होती ना. भागीबी तेच म्हने, आवो, बुढीले हट्ट, तुमाले बी हट्ट, गाडी जुपा अन् न्या. पन मले सांगा, रस्ता सरकारचा, तिकिटाचे पैसे आमचे, अन् आमी काऊन बैलगाडीनं जावं? तुमी सभेत बोलता तेच मी सांगू राह्यलो, फक्त मले तवा कोनी शिकोलं नोयतं. आमी बैलगाडीनं गेलो असतो तर बापूसाहेबाच्या मोटरीतल्या कोनाले मालूमबी पडलं नसतं का एक बाई टपावरून उतरली होती.

तर गावाबाहेर एक लारी पडेल होती. लहान लारी, पुढं दोघाइपुरती छपरी, मांगं उघडं हौद. लढाईच्या दिवसात एका रस्त्याच्या ठेकेदाराची होती ती. त्याच्या डायवरनं पानी न घालता दामटली अन् इंजिनाचं ओतीव बीड तडकलं, इंजिन मेलं. ठेकेदार काम उरकून गेला, लारी तेथंच. हौदात तरोट्याचं तण उगोलं होतं. म्या ठेकेदाराले नांदुऱ्यात गाठलं तर थो हासला, म्हने, ने बे, उचलून ने, लोखंडाच्या भावातबी कोनी नेऊन नाही राह्यलं. म्या अंगनात ओढून आनली. भागी म्हने, बरं झालं, कोंबड्याइले जागा नोयती.

इंजिन कोठचं? तर आमच्या गावात करीमचाचा लोहार. वखराच्या फाशी, म्हनजे माती कापनारी लोखंडी पाती, बैलगाडीच्या पट्ट्या, सारं गाव त्याच्या भात्यावर. त्यानं घाटात कोसळलेली एक टूरिंग मोटर भंगारात घेतली होती, तोडून खिळे-पट्ट्या करासाठी. मोटरीचा चेंदामेंदा, पन इंजिन साबूत. थो घन उचलू राह्यला अन् मी तेथं पोचलो. म्या म्हनलं, चाचा, थांबा. म्हने, काऊन बे? म्या म्हनलं, यात जीव हाय. चाचानं माझ्याकडे पाह्यलं, इंजिनाकडे पाह्यलं, म्हने, किसन, ये मोटर का दिल है, बैलगाडी के सीने में डालेगा क्या? म्या म्हनलं, लारीच्या छातीत. चाचानं घन खाली ठेवला. म्हने, चल मंग, दोघं मिळून पागल होऊ.

जमे ना, लय दिवस जमे ना. लारीचं जुनं इंजिन लांब, हे आखूड. मांगच्या गेरबाक्साची भोकं येथं, तर इंजिनाची भोकं तेथं. चाचानं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी पट्टी तापोली, ठोकून ठोकून तिची जाड चकती केली, तिले दोन्हीकडच्या मापाची भोकं पाडली, अन् ती चकती इंजिन अन् गेरबाक्साच्या मधात बसोली. इंजिन टेकवाले बाभयीचे ठोकये केले, त्याखाली टायरचे तुकडे. सारं माप झालं. राह्यलं काय, तर इंजिन उचलून सांगाड्यात उतरोनं. इंजिनाचं वजन, बाप रे, चार गडी लावले तर उचलाचं, पन अलगद उतरोता येईना. ते उतरोलं पाह्यजे असं, झोपलेल्या लेकराले पाळन्यात ठेवतात तसं.

तवा चाचा म्हने, मोट. चाचाच्या वावरात विहीर होती. मोटेचं मोठं चाक अन् जाड दोराचा नाडा त्यानं काढून आनला, अंगनातल्या लिंबाच्या जाड फांदीले चाक टांगलं, नाडा चाकावरून घेऊन एक टोक इंजिनाले बांधलं, दुसरं बैलाइच्या जुवाले. बैल चालले का इंजिन वर, बैल मांगं सरले का इंजिन खाली. विहिरीवर बैल दिवसभर हेच करतात ना.

ही गोष्ट गावात पसरली अन् सकायीच बापूसाहेब आले, मांगं धा-बारा लोक. महारवाड्यात आजवर पाय ठेवला नोयता, पन त्या दिवशी आले. चाचाले म्हने, करीम, हा नाडा उद्या परत विहिरीवर जाईन ना? चाचा म्हने, जाईन, साहेब. म्हने, ह्याच्या मोटरीले बांधलेला नाडा विहिरीत सोडशील, अन् उन्हाळ्यात अर्ध्या गावच्या बाया तेथं पानी भरतात. तवा मले राहावलं नाही. म्या म्हनलं, साहेब, मोट कायची असते? म्हने, चामड्याची. म्या म्हनलं, ते चामडं कोनं सोललं? माझ्या बापानं. माझ्या बापानं सोललेल्या चामड्यातून तुमी जलमभर पानी पेले, त्या पान्यानं तुमचा ऊस पिकला, अन् आज माझा हात लागला तर दोरीले शिवाशीव? बापूसाहेबाचं तोंड लाल. म्हने, करीम, तू ठरोव. आजपासून गावची एक फाशबी तुझ्या भात्यावर येनार नाही.

खरं सांगतो, मले वाटलं चाचा नाडा सोडन. त्याच्या घरात खानारी तोंडं माझ्यापरीस जास्त होती. चाचानं दाढी खाजोली अन् म्हने, साहेब, फाशी बुलढान्याले न्या, पन नांगरटी उद्यापासून हाय, तर तुमी आजच निघा. अन् बैलाइले म्हने, हो... चल रे राजा.

बैल चालले. नाडा तानला. लिंब करकरला. इंजिन जमिनीपासून सुटलं अन् लागलं वर जाले, फिरत फिरत. आता मोटेवर कसं असते, ज्याहिनं मोट हाकली त्याहिले ठाऊक हाय, बैल उतारावर लागले का हाकनारा मांगं नाड्यावर बसते, त्याच्या वजनानं बैलाइले जोर भेटते, अन् मोट वर आली का थो टुनकन उतरते. उतरला का बैल आपोआप उलट्या पायानं मांगं येतात, त्याहिले कोनी सांगा लागत नाही. चाचा जलमभर नाड्यावर बसलेला मानूस, थो सवयीनं बसला. इंजिन वर आलं, आमी लारी त्याच्याखाली ढकलली, म्या वरडलो, आलं आलं, अन् चाचा सवयीनं उतरला, पाहाले का कोठं आलं ते. बैलाइले काय मालूम का ही मोट नाही? ते लागले मांगं याले, झपझप, रोजच्यासारखे. इंजिन धाडकन खाली. सांगाड्यावर तिरपं पडलं, बाभयीचा एक ठोकया उभा चिरला, खालचं तेलाचं ताट चेपलं, माझा हात थोडक्यात वाचला.

अन् हासे म्हनता काय. बापूसाहेबाचे लोक पोट धरून हासले. एक म्हने, बैलाइले बी समजते, किसन्याले काऊन समजत नाही. बापूसाहेब म्हने, चला, झाला तमाशा. पन ते गेले नाहीत, पाहातच राह्यले.

चाचानं ताट काढलं, ठोकून सरकं केलं. म्या नवा ठोकया तासला. मंग सवाल आला का नाड्यावर बसन कोन. चाचा म्हने, मी नाही, माझं आंग माझं आयकत नाही, इंजिन वर आलं का मी उठनारच. भागीले इचारलं, तर ती म्हने, मीबी उठीन, मले पाह्यल्याबिगर राहावनार नाही. तवा माय वसरीतून बोलली. म्हने, मी बसते. मले दिसतच नाही, त मी काय पाहाले उठू?

चाचा इतका हासला का त्याच्या डोयात पानी आलं. म्हने, भाभी, बसा, तुमच्याइतकं पक्कं कोनी नाही. माय आली, चाचपत, अन् बापूसाहेबाच्या देखत विहिरीच्या नाड्यावर बसली. आमच्या जातीची बाई, मोटेच्या नाड्यावर. लोकाइतून कोनीतरी हाड हाड केलं, कुत्र्याले करतात तसं. मायनं तिकडे तोंडबी फिरोलं नाही. नाडा दोन्ही हातात धरला अन् म्हने, चालू द्या.

बैल चालले, इंजिन वर आलं. मी वरडलो, गर्दीनं वरडा केला, चाचा वरडला, अन् माय बसली ते बसलीच. बैलबी थांबले, कान हालवत, हुकूम यायची वाट पाहात. म्या लारी नीट इंजिनाखाली घेतली, भोकाले भोक पाह्यलं. मंग चाचानं बैलाइची वेसन धरून त्याहिले इंच इंच मांगं घेतलं, अन् माय नाड्यावर तशीच, पायाची बोटं जमिनीले टेकवत मांगं येऊन राह्यली. इंजिन उतरलं. पयला बोल्ट सरका गेला. म्या म्हनलं, माय, ऊठ. म्हने, झालं का? म्या म्हनलं, झालं. म्हने, चाचाले नक्की इचारून सांग.

हँडल मारून मारून माझा खांदा उतरला, मंग ते खोकललं, काया धूर काढला अन् लागलं चालाले. कोंबड्या लारीतून ज्या उडाल्या ते दोन दिवस घरी आल्या नाहीत. पेट्रोल तवा कुपनावर भेटे, ते मियवायची निराळीच मारामारी. शेवटी म्या हौदात लाकडाचे दोन बाक ठोकले अन् मायले पुढं माझ्या बाजूले बसोलं. मांगं महारवाडा बसला, चाचा बसला, दोन माळी बी बसले, त्याहिले नांदुऱ्याच्या बाजारात जायचं होतं अन् माझी लारी आंधी निघाली. राजूरच्या घाटात त्या वळनावर मायनं इचारलं नाही का आपन कोठं आलो. लारी कलली तसं तिले समजलं. म्हने, किसन, हळू घे, मले आरामात जाऊ दे.

उशीर झालताच. एक डोया वाचला, एक गेला. अकोल्याचा डाक्तर म्हने, आंधी आनलं असतं तर दोन्ही वाचले असते. त्याचं मले दुख हाय, नाही कसं म्हनू. पन त्याचा हिशेब मायनं मले कवा मांगितला नाही, अन् मी तिच्या हट्टाले नावं ठेवनार नाही. ज्याहिनं तिले टपावर चढाले लावलं त्याहिले ठेवीन. हे असंच लिहा, गोड करू नका.

आता लारी चालते. दोनदा कोनी अर्ज केले माझ्याविरुद्ध, दोनदा मी बुलढान्याले जाऊन उभा राह्यलो अन् परवाना घेऊन आलो. नागपूरच्या सरकारनं कायदा केला म्हनतात, बापूसाहेबाच्या मोटरीतबी आता आमचे लोक खाली बसतात, पन मांगच्या बाकावर. चाचाच्या भात्यावर फाशी परत आल्या, नांगरट काय कोनासाठी थांबते? परवा बापूसाहेबाचा कारभारी आला. त्याहिची मोटर मोडली होती अन् कचेरीत तारीख होती. म्हने, मिस्तरी, पुढची जागा साहेबासाठी ठेवजो. म्या म्हनलं, पुढं माय बसते. म्हने, एक दिवस बुढीले मांगं बसोव ना बे. माय तेथंच होती. म्हने, त्याहिले सांग, मांगं बाक हाय. या म्हना. टपावर नाही चढोनार आमी कोनाले.

थो गेला तो परत आला नाही, अन् म्या वाट पाह्यली नाही, लारी सोडली.

तुमी जवान लोक, कागद छापता, सभा घेता, चांगलं करता, देव तुमाले आवाज देवो. पन एक काम करा. सकायी गारठ्यात ही लारी हँडलनं सुरू होत नाही, ढकला लागते. उद्या येजो चार जन.